‘घरात’, ‘घरमा’ आणि ‘घरमां’

मी सुरतेत ‘संस्कृतीचे समाजशास्त्र’ हा विषय शिकवतो. हे सांगितले की महाराष्ट्रातील स्नेही हसून विचारतात, “सुरतेत संस्कृती कुठली? तिथे कापड, हिरे आणि घारी!” सुरतेतील शेजाऱ्यांचा प्रश्न निराळा असतो, “म्हणजे देवळे, गरबा, जुनी नाणी, असलेच काही ना?” दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे. संस्कृती ही मोजक्या लोकांच्या ताब्यातील, कपाटात जपून ठेवण्याची चीज आहे आणि उरलेल्यांच्या वाट्याला नुसते जगणे येते, ही ती समजूत. ज्या विषयावर माझे पोट चालते, त्याचे सारे काम या समजुतीची झडती घेण्याचे आहे.

सीमाभागातील मराठीविषयी आस्था बाळगणाऱ्या वाचकांपुढे हा विषय मांडावासा वाटला, त्याला कारण आहे. ही समजूत आपल्या भाषाचळवळीतही शिरलेली आहे. ‘मराठी संस्कृती टिकली पाहिजे’ असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे कोणाचे घर असते, कोणाची बोली असते, हे आपण स्वतःला फारसे विचारत नाही. सुरतेच्या वर्गात ते वारंवार विचारावे लागते. तिथे समोर बसलेली मराठी मुले उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांतून येतात. त्यांचे आईवडील किंवा आजेआजोबा धुळे, नंदुरबार, जळगावकडून तापीच्या काठाकाठाने इकडे आले. वडील लूमवर किंवा कापड रंगवण्याच्या गिरणीत असतात. आई घरी बसून साड्यांचे धागे कापते, टिकल्या लावते. मी स्वतः नंदुरबारकडचा. आईशी अहिराणीत बोललो, शाळेत प्रमाण मराठी शिकलो आणि आज गुजरातीत शिकवतो. त्यामुळे या मुलांच्या वहीत जे खोडलेले असते, तेही मला वाचता येते.

एका शब्दाचे कुळ

पहिल्या तासाला मी व्याख्या सांगत नाही. ‘संस्कृती’ या शब्दाची कथा सांगतो. शब्द संस्कृत आहे, परंतु आज आपण ज्या व्यापक अर्थाने तो वापरतो तो अर्थ अर्वाचीन आहे. बंगालीत पूर्वी याच अर्थाने ‘कृष्टि’ हा शब्द चालत असे. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चतर्जी यांनी सांगितले आहे की, १९२२ मध्ये पॅरिसमध्ये असताना एका महाराष्ट्रीय मित्राकडून त्यांनी ‘संस्कृती’ हा शब्द या अर्थाने ऐकला. पुढे तो त्यांनी रवींद्रनाथांच्या कानावर घातला आणि रवींद्रनाथांनाही तो आवडला. म्हणजे आज भारतभर रुळलेल्या या शब्दाच्या प्रवासात मराठीचाही हात आहे. हे ऐकून वर्गातील मराठी मुलांची मान किंचित ताठ होते.

मग मी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. ‘कृष्टि’मध्ये ‘कृष्’ धातू आहे, म्हणजे नांगरणे. ज्या लॅटिन शब्दावरून युरोपीय भाषांनी आपला शब्द घेतला, त्याच्या मुळाशीही जमीन कसणेच आहे. ‘संस्कृती’मध्ये संस्कार आहे, घासूनपुसून चांगले केलेले असे काही आहे. पहिल्या शब्दात शेतकरी घरातच आहे. दुसऱ्या शब्दात तो उंबऱ्याबाहेर उभा राहतो आणि ‘माझ्यावर संस्कार झाले आहेत का?’ असे विचारू लागतो. रवींद्रनाथांना शब्द आवडला तो त्याच्या सौष्ठवामुळे. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. तरीही शब्दाच्या निवडीने कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले, हे पाहणे समाजशास्त्राचे काम आहे. इंग्लंडमध्ये रेमंड विल्यम्स या वेल्श रेल्वे कामगाराच्या मुलाने १९५८ मध्ये ‘संस्कृती ही सर्वसामान्य गोष्ट आहे’ असा निबंध लिहिला, तो याच बहिष्काराला उत्तर म्हणून.

रोट गावी की सुरतेत?

या तासानंतर मी विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरातील संस्कृतीविषयी दोन पाने लिहून आणायला सांगतो. गुजराती मुले नवरात्र, उत्तरायण, चंदी पडव्याची घारी यांविषयी लिहितात. ओडिया मुले जगन्नाथाच्या रथाविषयी लिहितात. खानदेशी मुलांच्या कागदावर मात्र पुण्याचा गणेशोत्सव येतो, लावणी येते, पैठणी आणि नऊवारी येते. यांतील बहुतेकांनी पुणे पाहिलेले नसते. पैठणी घरात कोणी नेसलेली नसते. मुलांना विचारले की ‘हे तुमच्या घरी होते का?’ तर उत्तर येते, ‘सर, ते मराठी संस्कृतीत येते ना.’ घरात जे होते ते संस्कृतीत येत नाही आणि संस्कृतीत जे येते ते घरात होत नाही, अशी ही वाटणी आहे. ती मुलांनी स्वतः केलेली नाही. पाठ्यपुस्तक, दूरदर्शन मालिका आणि भाषणे यांनी करून ठेवली आहे.

मग मी हळूच विचारतो, ‘कानबाईचे काय?’ वर्गात एकदम हालचाल होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, हे खानदेशात सांगावे लागत नाही. नारळाच्या रूपात देवी सजते, रात्र गाण्यांनी जागवली जाते, सोमवारी मिरवणुकीने विसर्जन होते. तिच्या प्रसादाला ‘रोट’ म्हणतात. घरातील पुरुषांची, अगदी तान्ह्या मुलासकट, मोजदाद करून प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घ्यायचे आणि त्याचे रोट करायचे. मी मुलांना म्हणतो, इथेच पेन उचला. ही तुमच्या भाऊबंदकीची खानेसुमारी आहे. कोण मोजला गेला, कोण गेला नाही? लेकीच्या नावाची मूठ का नाही? भाऊ वेगळे निघाले तर रोट कधी वेगळे होतात? इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथातील पितृवंशाचे सारे प्रकरण तुमच्या आईच्या परातीत आहे.

पुढच्या आठवड्यात येणारे कागद वाचण्यासारखे असतात. खरा प्रश्न त्यांतून मुलेच शोधून काढतात. रोट गावी होतात की सुरतेत? एका मुलीने लिहिले होते की तिच्या घरी तीन पिढ्या सुरतेत आहेत, रेशनकार्ड सुरतेचे, मत सुरतेत, पण रोटासाठी सगळे गावी जातात. म्हणून ‘आम्ही सुरतेत राहतो’ असे ते म्हणतात, ‘आम्ही सुरतेचे’ असे म्हणत नाहीत. दुसऱ्या एकाने लिहिले की आजोबा गेल्यावर काकांनी आणि वडिलांनी रोट लिंबायतमधल्या खोलीत आणले. त्या वर्षी आजी फार रडली आणि त्यानंतर गावचे घर दुरुस्त करण्याचे कोणी नाव काढले नाही. स्थलांतर केव्हा पूर्ण होते, हा स्थलांतराच्या अभ्यासातला मोठा वादाचा मुद्दा आहे. नोकरी, घर, मतदान अशा अनेक कसोट्या सांगितल्या जातात. सुरतेतील खानदेशी घरासाठी रोटाइतकी नेमकी कसोटी मला दुसरी ठाऊक नाही. पहिल्या दोन पानांत पैठणी लिहिणाऱ्या मुलांनीच ती मला दाखवून दिली.

प्रत्ययांतून जाणारी सीमा

नवापूर स्थानकाची गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असेल. राज्याची सीमा फलाटावरून जाते. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. लोक तिथे छायाचित्रे काढतात. पण याहून नवलाची सीमा खानदेशी माणसाच्या तोंडात आहे. प्रमाण मराठीत ‘घरात’, गुजरातीत ‘घरमां’, अहिराणीत ‘घरमा’. मराठीत ‘रामाचा भाऊ’, गुजरातीत ‘रामनो भाई’, अहिराणीत ‘रामना भाऊ’. नाम मराठीचे आणि प्रत्यय गुजरातीच्या शेजारचा. राज्ये १ मे १९६० रोजी वेगळी झाली. प्रत्ययांना ते अजून कळलेले नाही.

भाषाशास्त्रज्ञांनीही या बोलीला एका खणात बसवताना बरीच ओढाताण केली आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात मराठीला सातवा खंड मिळाला. खानदेशी मात्र १९०७ मध्ये निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ल बोलींच्या सोबत गेली. आपले बहुतेक अभ्यासक तिला मराठीची बोली मानतात. डांगच्या बाबतीत हाच प्रश्न राजकारणाच्या आखाड्यात उतरला होता. डांगी मराठीची की गुजरातीची, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने वाद झाले आणि १९६० मध्ये डांग गुजरातेत गेला. डांगी बोलणाऱ्या माणसाला त्या वादात कोणी फारसे विचारले नाही.

शाळेत या प्रत्ययाचे काय होते, ते मात्र कोणत्याही सर्वेक्षणात नाही. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालवते. देशात इतक्या भाषांना दार उघडणाऱ्या नगरपालिका थोड्याच असतील. त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. या मराठी शाळेत मूल येते आणि ‘मी घरमा जास’ असे लिहिते. गुरुजी ‘मा’खाली तांबडी रेघ ओढतात. माझ्या लहानपणी, सीमेच्या अलीकडे, माझ्याही वहीत ती रेघ होती. आमचे एक गुरुजी तर ‘हे गावंढळ बोलणे घरी ठेवून या’ असे म्हणत. मूल ‘घरात’ शिकते. पुढे तेच मूल महाविद्यालयात येते, तिथे गुजराती आहे, आणि ‘घरमां’ हेच शुद्ध ठरते. जो प्रत्यय सात-आठ वर्षे झिजवून काढला, तोच अनुस्वार लावून समोर उभा राहतो. मुलगा गोंधळून गप्प बसतो. लोक म्हणतात, ‘ही खानदेशी पोरं वर्गात बोलत नाहीत.’

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिय यांचा विचार मी इथे शिकवतो. ते स्वतः फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बेआर्न प्रांतातले, टपाल खात्यातील एका कर्मचाऱ्याचे पुत्र. घरची बोली बेआर्नी, शाळेची भाषा फ्रेंच. त्यांचे म्हणणे असे की, भाषेलाही बाजार असतो. शब्दाची किंमत त्याच्या अर्थावर ठरत नाही. कोण बोलले आणि कुठे बोलले यावर ठरते. त्यांनी दिलेले एक उदाहरण माझ्या वर्गाला फार लवकर कळते. पो शहराच्या महापौरांनी एका बेआर्नी कवीच्या गौरवसमारंभात बेआर्नीतून भाषण केले आणि वृत्तपत्राने ‘उत्तम बेआर्नी’ म्हणून त्यांची वाहवा केली. खेड्यातला शेतकरी आयुष्यभर तीच बोली बोलतो, त्याची वाहवा कोणी करत नाही. महापौरांना फ्रेंच उत्तम येते, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून त्यांची बोली औदार्य ठरते आणि शेतकऱ्याची बोली अडाणीपणा. हे सांगून होताच मागून कोणी तरी म्हणते, ‘सर, निवडणुकीत असेच होते.’ खरेच आहे. सुरतेच्या मेळाव्यांत पाहुणे वक्ते पहिली दोन वाक्ये अहिराणीत बोलतात, टाळ्या घेतात आणि उरलेले भाषण प्रमाण मराठीत वा हिंदीत करतात. त्या टाळ्यांचा अर्थ बुर्दिय यांनी पन्नास वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे.

‘जातीय’ म्हणजे काय?

माध्यमाचा प्रश्न केवळ प्रत्ययांचा नाही. मराठी आणि गुजराती समाजशास्त्राची परिभाषा बरीचशी एकाच संस्कृत टांकसाळीत पाडलेली आहे, आणि धोका तिथेच आहे. गुजरातीत जातीला ‘ज्ञाति’ म्हणतात, आणि ‘जातीय’ हा शब्द लिंगभावाकडे किंवा लैंगिकतेकडे जातो. ‘जातीय सतामणी’ म्हणजे लैंगिक छळ. मराठीत ‘जातीय’ म्हटले की आपल्याला जात आठवते, दंगल आठवते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ‘जातीय असमानता’ हा गुजराती प्रश्न वाचतो आणि स्त्री-पुरुष विषमतेऐवजी सवर्ण-दलित विषमतेवर तीन पाने लिहितो. उत्तर चांगले असते, पण प्रश्न दुसराच असतो. परीक्षक शून्य देतो. नियमाने त्याचे बरोबरच असते. माझ्या शिकवण्याचा एक भाग म्हणूनच या दोन भाषांतील सारख्या दिसणाऱ्या आणि वेगळ्या असणाऱ्या शब्दांची यादी करण्याचा आहे. दरवर्षी ती वाढते आणि तिच्यातील निम्मे शब्द मुलेच आणून देतात.

कधी कधी हे शब्द उलट बाजूने उपयोगी पडतात. गुजरातीत शिकण्याला ‘भणवुं’ म्हणतात. आपले ‘म्हणणे’ त्याच ‘भण्’ धातूतून आले आहे. जुन्या मराठीत ‘भणौनि’ असे रूप सापडते. एकाच धातूचा गुजरातीने ‘शिकणे’ असा अर्थ केला आणि मराठीने ‘बोलणे’. मी मुलांना सांगतो, या दोन्ही भाषांत तुमचे घर आहे, तेव्हा दोन्ही अर्थ तुमचे : जो बोलेल तो शिकेल.

आपल्या शास्त्राचा इतिहासही सीमा जुमानत नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला. १९२४ पासून मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो सांभाळला. इरावती कर्वे त्यांच्या विद्यार्थिनी आणि दक्षिण गुजरातेतले आय. पी. देसाई हेही त्यांचेच विद्यार्थी. देसाईंनी १९६९ मध्ये सुरतेत जे संशोधनकेंद्र उभे केले, ते आज ‘सेंटर फॉर सोशल स्टडीज’ म्हणून विद्यापीठाच्या आवारात काम करते. गुजरातच्या खेड्यांतील अस्पृश्यतेचा त्यांचा अभ्यास १९७६ चा. विहिरीवर कोण पाणी भरते, चहाचा कप कोणाचा वेगळा, असे साधे प्रश्न घेऊन ते खेडोपाडी गेले. रोज घडते तेच पाहण्याची शिस्त त्यांनी लावली. माझ्या विद्यार्थ्यांचे रोट आणि प्रत्यय त्याच शिस्तीचे आहेत.

एका लुटीचे दोन धडे

सामूहिक स्मृती हे प्रकरण सुरतेत शिकवणे जिवावरचे काम आहे. मोरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये मांडले की, माणूस एकटा आठवत नाही. त्याचा समाज त्याला आठवणींची चौकट पुरवतो. याला सुरतेइतके जिवंत उदाहरण कुठले? जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० असे दोनदा शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. शाएस्तेखानाच्या फौजेने स्वराज्याची केलेली नासाडी, रिता झालेला खजिना आणि मोगलांचे श्रीमंत बंदर, हा संदर्भ मराठी मुलाला चौथीपासून पाठ असतो. गुजराती मुलाला घरात वेगळे ऐकायला मिळते; त्यात विरजी व्होरासारख्या व्यापाऱ्यांच्या जळालेल्या वखारी असतात, पळालेला सुभेदार असतो, घाबरलेले शहर असते.

मी दोघांनाही आपापली कथा लिहायला लावतो आणि मग कागदांची अदलाबदल करतो. एकदा एका खानदेशी मुलाने गुजराती मैत्रिणीचा कागद वाचून विचारले, ‘सर, मी यात कुठल्या बाजूला? आमचे घर तर आता सुरतेत आहे.’ वर्ग शांत झाला. त्याला उत्तर देण्याची घाई मी केली नाही. महाराजांविषयीचा आदर आणि स्वतःच्या शहराविषयीची माया एकाच छातीत राहू शकतात, हे त्याचे त्यालाच उमगावे लागते. संस्कृती शिकवण्याचा याहून चांगला क्षण मला क्वचितच मिळाला असेल.

त्याच तासाला मी एक तिसरी कथा सांगतो, जी दोन्ही भाषांच्या मुलांना ठाऊक नसते. १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० च्या दशकात सुरतेत शिक्षक होते. दुर्गाराम मेहता या गुजराती शिक्षकाबरोबर त्यांनी १८४४ मध्ये सुरतेत मानवधर्म सभा चालवली आणि जातिभेदावर, मंत्रतंत्रावर उघड टीका केली. मराठीला नियम घालून देणारा माणूस सुरतेत गुजराती मित्रांबरोबर माणसांतले नियम मोडायला निघाला होता. ज्या नर्मदच्या नावाने आज सुरतेचे विद्यापीठ ओळखले जाते, तो तेव्हा दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. मराठी माणसाची सुरतेतील आठवण लुटीपाशी सुरू होऊन लूमपाशी संपते, असे ज्यांना वाटते त्यांनी ही सभा लक्षात ठेवावी.

खानेसुमारीचा रकाना

आता ज्यासाठी हे सारे लिहिले, तो मुद्दा. येत्या खानेसुमारीत पुन्हा ‘मातृभाषा’ हा रकाना येईल. २०११ च्या गणनेत गुजरातेत ९ लाखांहून अधिक लोकांनी मराठी लिहिली. त्याच गणनेत ‘खानदेशी’ ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली गेली आणि देशभर तिचे सुमारे १८ लाख ६० हजार भाषक निघाले. अहिराणी लिहिणारा माणूस मराठीच्या आकड्यातून वजा होतो. आपल्या चळवळीतील मंडळी म्हणून सांगतात की, ‘बोली काहीही असो, रकान्यात मराठी लिहा.’ यामागची काळजी मला समजते. भाषिक अल्पसंख्याकांच्या सोयींसाठी लोकसंख्येत १५ टक्क्यांचे प्रमाण पाहिले जाते. संख्या घटली तर शाळेचे वर्ग घटतात. घटनेच्या ३५०-अ या अनुच्छेदात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगितले आहे, आणि त्या आधारावर मराठी शाळा मागायची तर मराठी भाषक दाखवावेच लागतात.

तरीही मी माझ्या विद्यार्थ्यांना तसे सांगत नाही. रकान्यात आईची भाषा लिहा, एवढेच सांगतो. ती मराठी असेल तर मराठी, अहिराणी असेल तर अहिराणी. याचे कारण भावनेचे नाही, हिशेबाचे आहे. ज्या मुलाला आपण पटवले की अहिराणी ही मोडकी मराठी आहे आणि मोठ्या नावासाठी लहान नाव टाकावे, त्याला आपण एक नियम शिकवला. तो नियम आपल्या सोयीच्या ठिकाणी थांबत नाही. घरच्या बोलीपेक्षा शाळेची भाषा मोठी, तर सुरतेत शाळेच्या मराठीपेक्षा बाजाराची गुजराती मोठी, आणि गुजरातीपेक्षा इंग्रजी मोठी. शिडी चढायला शिकलेला मुलगा दुसऱ्याच पायरीवर का बसून राहील? तिसऱ्या पिढीत मराठी शाळांचे पट घसरले की आपण गुजराती सक्तीकडे बोट दाखवतो. गुजरातेत २०२३ मध्ये पहिली ते आठवीपर्यंत गुजराती शिकवणे सर्व शाळांना बंधनकारक झाले, हे खरे. परंतु घरच्या भाषेची लाज त्या कायद्याने शिकवली नाही. ती त्याआधीच तांबड्या रेघेने शिकवून झाली होती.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद मलाही झाला. त्या दिवशी वर्गात एका मुलाने विचारले, ‘सर, आमची अहिराणी पण अभिजात झाली का?’ काही जण हसले. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. मराठीच्या वारशात आपला वाटा आहे का, एवढेच त्याला विचारायचे होते. भाषेचे वैभव वाटताना बोलीला कुटुंबात धरायचे आणि वहीत मात्र तांबडी रेघ ओढायची, हा व्यवहार त्याच्या लक्षात आला होता.

सीमेवरच्या मराठीसाठी झटणाऱ्यांनी काय करावे, याविषयी माझी मागणी फार मोठी नाही. मराठी शाळांच्या पहिल्या दोन-तीन इयत्तांत ‘घरमा’ला चूक म्हणू नये, ‘घरी असे म्हणतो, पुस्तकात तसे लिहितो, आणि शेजारी गुजरातीत असे म्हणतात’ असे तिन्ही प्रत्यय शेजारी लिहून शिकवावेत. मूल व्याकरण तर शिकेलच, शिवाय आपल्याकडे तीन किल्ल्या आहेत, हेही त्याला कळेल. कानबाईची, आखाजीची गाणी गाणाऱ्या बाया सुरतेत आहेत, तोवर ती गाणी त्यांच्या नावानिशी टिपून ठेवावीत. महाराष्ट्रातील आणि गुजरातेतील विद्यापीठांनी मिळून समाजशास्त्राच्या परिभाषेची मराठी-गुजराती जोडयादी करावी; ‘जातीय’पायी शून्य मिळवणारा मुलगा त्याने वाचेल. आणि सुरतेच्या व्यासपीठावर येणाऱ्या पाहुण्यांनी अहिराणीतली दोन वाक्ये बोलून झाल्यावर तिसरेही बोलून पाहावे.

संस्कृतीचे समाजशास्त्र शिकवून शहर बदलत नाही. लूम चालूच राहतात, सुरत-भुसावळची गाडी भरभरून जाते. पण दरवर्षी चार-सहा मुले असे काही लिहून जातात की मला थांबून वाचावे लागते. गेल्या वर्षी एका मुलीने प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर विषय गुजरातीत, स्वतःचे नाव मराठीत आणि अर्पणपत्रिका अहिराणीत लिहिली होती : ‘मनी मायले’. कार्यालयातील कोणी तरी शुद्धलेखनाची चूक म्हणून ती ओळ दाखवली. मी प्रकल्प तसाच पुढे पाठवला.